अन्ननलिकेच्या कर्करोगात मोठी रक्तवाहिनी फुटते तेव्हा: रक्तवाहिनीच्या आतून करावयाच्या उपचारांचा क्रम

अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णाला होणारा रक्तस्राव बहुतेक वेळा गाठीच्या पृष्ठभागावरून झिरपणारा असतो. शौचाला काळी होते, हिमोग्लोबिन हळूहळू उतरते, रुग्ण थकलेला दिसतो; त्यावर एंडोस्कोपीतून किंवा मर्यादित किरणोपचाराने इलाज करता येतो आणि विचार करायला दोन-चार दिवस हाताशी असतात. पुढील मार्गदर्शन त्या रक्तस्रावाविषयी नाही. महाधमनी किंवा तिची एखादी मोठी शाखा अन्ननलिकेत उघडते, तेव्हा जो प्रसंग उभा राहतो त्याविषयी ते आहे. निवासी डॉक्टर, कर्करोगतज्ज्ञ आणि अशा रुग्णाला सर्वांत आधी पाहणारे फिजिशियन यांना समोर ठेवून ते लिहिले आहे. या प्रसंगात साधनांची उणीव असते त्याहून अधिक वेळा पायऱ्यांचा क्रम चुकतो, असे माझे मत आहे. म्हणून येथे भर क्रमावर आहे.

धोका कोठून येतो, हे आधी लक्षात घ्यावे. अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची असते आणि छातीत तिचा मोठा भाग महाधमनीला अगदी लागून जातो. पोटातील आतड्यांना असते तसे बाहेरचे गुळगुळीत आवरण छातीतील अन्ननलिकेला नसते. त्यामुळे स्नायूचा थर ओलांडलेली गाठ थेट शेजाऱ्याच्या भिंतीला भिडते. या गाठीवर किरणोपचार झाले आणि ती वेगाने विरघळली, की गाठीनेच बुजवलेली जागा पोकळ होते. गिळता यावे म्हणून बसवलेल्या धातूच्या जाळीदार नळीचे, म्हणजे स्टेंटचे, टोक त्याच जागी सतत घासत असेल, किंवा नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध चालू असेल, तर भिंत आणखी दुबळी होते. शस्त्रक्रियेनंतरची वाट वेगळी आहे. जोड गळू लागतो, पाचकरस आणि जंतू छातीत साचतात, त्यांच्या संपर्कात धमनीची भिंत मऊ पडते आणि तिला खोटा फुगवटा येतो, ज्याला स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. या दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. पण त्यांवरचा उपचार एकसारखा नाही, हे पुढे दिसेल.

पहिली उलटी हीच संधी

हान्स कियारी यांनी १९१४ मध्ये वर्णन केलेली तीन लक्षणांची साखळी आजही तितकीच उपयोगी आहे: छातीच्या मध्यभागी दुखणे, त्यानंतर लालभडक रक्ताची एक मर्यादित उलटी, मग काही तास किंवा काही दिवसांची शांतता आणि त्यानंतर प्राणघातक रक्तस्राव. पहिली उलटी आपोआप थांबते, कारण रक्तदाब उतरतो आणि छिद्रावर रक्ताची गुठळी बसते. रुग्ण सावरतो, नाडी स्थिर होते आणि ‘रक्त थांबले आहे, सकाळी एंडोस्कोपी करू’ असा निर्णय होतो. हा निर्णय समजण्यासारखा असला तरी तोच सर्वांत महागात पडतो. सर्व रुग्णांत तिन्ही लक्षणे दिसतीलच असे नाही, आणि छातीतील दुखणे कर्करोगाच्या रुग्णाला नवे नसते. म्हणून नियम साधा ठेवावा: अन्ननलिकेचा कर्करोग असलेल्या, त्यावर किरणोपचार, स्टेंट किंवा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला अचानक लालभडक रक्ताची उलटी झाली, तर तपासणीतून तसे नाही हे ठरेपर्यंत महाधमनीशी संबंध आहे असेच धरून चालावे.

पहिल्या तासात करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या एकाच वेळी व्हाव्या लागतात. दोन जाड कॅन्युला, रक्तगट आणि जुळवणी, रक्तपेढीला मोठ्या रक्तस्रावाची सूचना, आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (चित्र पाहत रक्तवाहिनीच्या आतून उपचार करणारे तज्ज्ञ), रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांना एकाच फेरीत फोन. रुग्ण शुद्धीवर आहे तोपर्यंत वरचा रक्तदाब ८० ते ९० च्या आसपास राहू द्यावा. सलाईन ओतून तो १३० वर नेणे म्हणजे गुठळीला आतून धक्का देणे होय. द्यायचे ते रक्त आणि रक्तघटक द्यावेत. रक्त पातळ करणारी औषधे थांबवावीत आणि शक्य तेथे त्यांचा परिणाम उलटवावा. रक्त थांबवण्यासाठी वापरले जाणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हातात आपोआप येते. परंतु पचनमार्गातील रक्तस्रावाच्या सुमारे १२ हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉल्ट-आयटी चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत आणि शिरांमध्ये गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढले, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नये. जंतूंच्या तपासणीसाठी रक्त घेऊन लगेच व्यापक प्रभावाची प्रतिजैविके सुरू करावीत. अन्ननलिकेतून महाधमनीत जंतूही जात असतात, हे विसरले जाते.

नाकातून नळी घालण्याचा मोह टाळावा. फुग्याची सेंगस्टाकेन-ब्लेकमोर नळी ही यकृताच्या आजारातील फुगलेल्या शिरांसाठी आहे. महाधमनीच्या छिद्रावर तिचा दाब अपुरा पडू शकतो किंवा छिद्र वाढवू शकतो, आणि गाठीने अरुंद झालेल्या अन्ननलिकेतून ती सरकेलच असेही नाही. रुग्ण डोळ्यांसमोर जात असेल आणि दुसरे काहीच हाताशी नसेल, तरच कॅथलॅबपर्यंत (रक्तवाहिनीतून उपचार करण्याच्या कक्षापर्यंत) पोचण्यापुरता तिचा आधार घ्यावा.

आधी सीटी, मग एंडोस्कोपी

रुग्ण हलवण्याइतका स्थिर असेल तर पहिली तपासणी सीटी अँजिओग्राफी हीच असावी. प्रथम कॉन्ट्रास्टशिवाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायच्या द्रवाशिवाय), मग धमनीच्या टप्प्यात आणि शेवटी काही सेकंद थांबून, अशा तीन फेऱ्या घ्याव्यात. व्याप्ती मानेपासून मांडीच्या सांध्यापर्यंत ठेवावी, कारण स्टेंट-ग्राफ्ट (धमनीत आतून बसवायची, कापडाचे आवरण असलेली जाळीदार नळी) ज्या वाटेने न्यायचा ती वाटही याच चित्रात मोजायची असते. तोंडाने कॉन्ट्रास्ट देऊ नये. तो अन्ननलिकेत पांढरा दिसतो आणि खरी गळती झाकतो.

चित्र वाचताना गळती दिसली नाही म्हणून समाधान मानू नये. तपासणीच्या क्षणी गुठळी जागेवर असेल तर कॉन्ट्रास्ट बाहेर पडतच नाही. त्यापेक्षा अप्रत्यक्ष खुणा शोधाव्यात: महाधमनीच्या भिंतीत किंवा तिला लागून हवेचा बुडबुडा, दोन्ही नळ्यांमधील चरबीची रेषा पुसली जाणे, भिंतीवर छोटासा कोंब, स्टेंटचे टोक धमनीत रुतलेले दिसणे. गाठ महाधमनीच्या परिघाला ९० अंशांपेक्षा अधिक वेढत असेल तर भिंतीत शिरकाव झाल्याचा संशय बळावतो. खुणा एक-दोनच असतील, पण लालभडक उलटीचा इतिहास स्पष्ट असेल, तर मी इतिहासाला अधिक वजन देतो.

एंडोस्कोपी करावीच लागली, तर ती शक्यतो कॅथलॅबमध्ये किंवा शस्त्रक्रियागृहात, सर्व तयारीनिशी करावी. ठोके देणारा उंचवटा किंवा भिंतीला चिकटलेली मोठी गुठळी दिसली, की तेथेच थांबावे. गुठळी धुऊ नये, तुकडा काढू नये, क्लिप लावू नये. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरावा आणि तोही बेताने. याला आणखी एक कारण आहे. क्वचित छिद्र महाधमनीत न पडता हृदयाच्या डाव्या कर्णिकेत पडते. तेथे एंडोस्कोपीतून फुंकलेली हवा थेट मेंदूकडे जाऊ शकते. डाव्या कर्णिकेच्या छिद्रावर महाधमनीतील स्टेंट-ग्राफ्टचा काहीही उपयोग नसतो. तो प्रश्न हृदयशल्यविशारदांचा आहे.

उद्देश ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये

सीटी आणि कॅथलॅब यांच्यामध्ये दहा मिनिटे काढावीत आणि ती नातेवाइकांबरोबर, शक्य असल्यास रुग्णाबरोबर, काढावीत. स्टेंट-ग्राफ्ट रक्त थांबवतो. तो कर्करोग बरा करत नाही, अन्ननलिकेचे छिद्र बुजवत नाही आणि जंतुसंसर्गही संपवत नाही. ज्याचा आजार मर्यादित आहे आणि प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी आहे, त्याला तो पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत नेणारा पूल ठरतो. ज्याचा आजार पसरला आहे पण जो उठतो-बसतो, बोलतो आणि ज्याला पुढचे काही आठवडे-महिने हवे आहेत, त्याच्यासाठीही हा उपचार योग्य आहे. भयंकर मृत्यू टळणे हे छोटे उद्दिष्ट नाही. मात्र जो रुग्ण आधीच अखेरच्या अवस्थेत आहे, त्याला कॅथलॅबच्या टेबलावर नेऊ नये. अशा वेळी मिडाझोलाम हे गुंगी आणणारे औषध भरून ठेवलेली सिरिंज, रक्त ठळक दिसू नये म्हणून गडद रंगाचे टॉवेल, आणि हात धरून बसणारे कोणी तरी, ही तयारीही उपचारच आहे, आणि ती रक्तस्राव होण्यापूर्वी करून ठेवायची असते.

महाधमनीसाठी: स्टेंट-ग्राफ्ट

महाधमनीत आतून नळी बसवण्याची कल्पना तशी जुनी नाही. खार्किव येथे निकोलाय वोलोडोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीत असा ग्राफ्ट बसवला. १९९४ मध्ये स्टॅनफर्डमधील मायकेल डेक आणि सहकाऱ्यांचा अनुभव प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत जगभर पसरली. त्याआधी छाती उघडून, महाधमनीला चिमटा लावून, संसर्ग झालेल्या जागेत कृत्रिम नळी शिवणे हाच मार्ग होता आणि कर्करोगाने खंगलेल्या रुग्णाला तो क्वचितच झेपत असे.

मोजमाप येथे नेहमीपेक्षा अवघड असते. निरोगी भिंतीतील व्यासापेक्षा ग्राफ्ट १० ते २० टक्के मोठा निवडतात. पण रक्त गेलेल्या रुग्णाची महाधमनी आकसलेली असते. त्या वेळच्या सीटीवर मोजलेला व्यास खरा मानला तर रक्त भरल्यावर ग्राफ्ट सैल पडतो. कर्करोगाच्या रुग्णाचे जुने सीटी जवळजवळ नेहमीच उपलब्ध असते. ते काढून तुलना करावी, आणि ते मिळालेच नाही तर माप वरच्या टोकाकडे झुकवावे. छिद्राच्या वर आणि खाली किमान २ सेंटिमीटर निरोगी भिंत पकडीसाठी हवी. आतापुरते छिद्र झाकले म्हणून भागत नाही, कारण गाठीचा शेजार वर-खाली पसरलेला असतो. दुसरीकडे, जितकी अधिक लांबी झाकाल तितक्या पाठीच्या कण्याला रक्त देणाऱ्या शाखा बंद होतील. या दोन्हींच्या मध्ये निर्णय घ्यावा लागतो आणि तो प्रत्येक रुग्णात वेगळा असतो.

मांडीतील धमनी सुईने टोचून किंवा छोटा छेद घेऊन प्रवेश करतात. ग्राफ्ट वाहून नेणारी नळी साधारण २० ते २४ फ्रेंच जाडीची असते. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे ती जवळजवळ ७ ते ८ मिलिमीटरची झाली. वाटेतील धमनी त्याहून अरुंद किंवा कॅल्शियमने कडक असेल तर आधीच वरची वाट उघडण्याची तयारी ठेवावी; धमनी फाटल्यावर ती शोधायला वेळ उरत नाही. भूल शक्य असेल तर स्थानिकच द्यावी. पूर्ण भूल देताना रक्तदाब कोसळतो, आणि भरलेल्या पोटातील रक्त श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. उलट, रुग्ण रक्त ओकत असेल तर श्वासमार्ग सुरक्षित करण्यावाचून गत्यंतर नसते. हा निर्णय भूलतज्ज्ञांचा असावा.

कडक वायर महाधमनीच्या कमानीपर्यंत नेताना ती गाठीच्या पातळीवर भिंतीला खरवडणार नाही, याकडे पडद्यावर सतत लक्ष ठेवावे. हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, नेहमीच्या मात्रेत देऊ नये. कमी द्यावे किंवा रक्तस्राव चालू असेल तर टाळावे. ग्राफ्ट उघडण्याच्या क्षणी वरचा रक्तदाब १०० च्या खाली असावा, नाही तर रक्ताचा प्रवाह त्याला खाली ढकलतो. ग्राफ्ट भिंतीला चिकटवण्यासाठी फुगा वापरायचा असेल तर तो फक्त निरोगी टोकांपाशी फुगवावा. छिद्राच्या जागी फुगा फुगवणे म्हणजे मऊ पडलेली भिंत स्वतःच्या हाताने फाडणे. शेवटच्या अँजिओग्राममध्ये टोकांकडून गळती दिसली तर ती ‘नंतर पाहू’ म्हणून सोडू नये.

छिद्र कमानीजवळ असेल तर डाव्या हाताची धमनी झाकावी लागते. प्राण वाचवण्यासाठी ती झाकावी. हात बहुतेकदा तगून जातो. मात्र मेंदूच्या मागच्या भागाचा मुख्य पुरवठा डाव्या बाजूनेच होत असेल, किंवा त्या धमनीच्या शाखेवर हृदयाची बायपास अवलंबून असेल, तर आधी किंवा लगेच नंतर मानेतून पर्यायी रक्तमार्ग करावा लागतो.

लहान धमन्यांसाठी: एम्बोलायझेशन

सर्व रक्त महाधमनीतूनच येते असे नाही. अन्ननलिकेच्या वरच्या भागाला थायरॉइडची खालची धमनी, मधल्या भागाला श्वासनलिकांच्या धमन्या आणि महाधमनीच्या थेट शाखा, खालच्या भागाला डावी जठर धमनी रक्त पुरवते. शोध याच क्रमाने गाठीच्या पातळीनुसार घ्यावा. मांडीतून किंवा मनगटातून ५ फ्रेंचचा कॅथेटर त्या धमनीच्या मुखाशी नेऊन, त्यातून बारीक मायक्रोकॅथेटर रक्तस्रावाच्या जागेजवळ सरकवतात आणि तेथून धमनी बंद करतात; यालाच एम्बोलायझेशन म्हणतात.

श्वासनलिकांच्या आणि बरगड्यांमधल्या धमन्यांत काहीही सोडण्यापूर्वी चित्र थांबून पाहावे. पाठीच्या कण्याला रक्त देणारी मुख्य शाखा बहुतेकांत डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्यादरम्यान निघते आणि केसाच्या पिनेसारखे वळण घेऊन मध्यरेषेकडे जाते; पण ती वरही निघू शकते. ती दिसली तर तिच्या पुढे जाऊनच काम करावे, जाता येत नसेल तर करू नये. धमनी बुजवण्यासाठी सोडायच्या कणांचा आकार ३०० मायक्रॉनपेक्षा लहान निवडू नये. डिंकासारखे पातळ द्रव्य, म्हणजे ग्लू, गोठण्याची शक्ती बिघडलेल्या रुग्णातही काम करते, कारण ते रक्ताच्या गुठळीवर अवलंबून नसते. मात्र ते वापरण्यापूर्वी कॅथेटर ग्लुकोजच्या द्रावाने धुवावा लागतो, सलाईनने धुतला तर ते कॅथेटरमध्येच घट्ट होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या खोट्या फुगवट्यात कॉइल (धमनी बुजवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) दोन्ही बाजूंना टाकाव्यात: फुगवट्याच्या पलीकडे आधी, अलीकडे नंतर. फक्त अलीकडचा भाग बंद केला तर जोडवाटांनी मागून रक्त येत राहते. फुगवट्याच्या आत कॉइल कोंबू नयेत. त्याला खरी भिंतच नसते.

येथे एक जागा अशी आहे की तेथे घाई घातक ठरते. अन्ननलिका काढून जठराची नळी वर ओढलेली असते, तेव्हा त्या नळीचे जीवन मुख्यतः उजव्या गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनीवर टिकलेले असते, कारण डावी जठर धमनी शस्त्रक्रियेतच बांधून टाकलेली असते. रक्त त्या उजव्या धमनीतून किंवा ती जिथून निघते त्या खोडातून येत असेल आणि ते सरसकट बंद केले, तर रक्तस्राव थांबतो आणि काही दिवसांनी संपूर्ण नळी सडते. आवरण असलेला बारीक स्टेंट घालून प्रवाह चालू ठेवता येतो का, हे आधी पाहावे. मानेतील आणि हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्यांबाबतही हेच: त्या बुजवण्यापेक्षा आवरण असलेल्या स्टेंटने अस्तर लावावे. काही जणांत उजव्या हाताची धमनी जन्मतःच अन्ननलिकेच्या मागून जाते. वरच्या भागातील रक्तस्रावाचा उगम सापडत नसेल तर ही शक्यता आठवावी.

रक्त थांबल्यानंतर

आता रक्तदाबाचे धोरण उलटे होते. महाधमनीचा लांब भाग झाकला असेल तर सरासरी दाब ८० ते ९० च्या वर ठेवावा, हिमोग्लोबिन टिकवावे, आणि पायांची हालचाल दर तासाला तपासून लिहून ठेवावी. पायांतील अशक्तपणा टेबलावरून उतरल्यावर लगेच न येता एक-दोन दिवसांनीही येऊ शकतो. तो आढळताच दाब वाढवून, पाठीच्या कण्यातील द्रव नळीने काढून कण्यावरचा ताण कमी करावा. काही तासांत केले तर शक्ती परतण्याची आशा असते.

यापुढचा शत्रू जंतुसंसर्ग आहे. अन्ननलिकेच्या छिद्रातून लाळ आणि जंतू थेट कृत्रिम कापडावर उतरत असतात. शिरेतून प्रतिजैविके ४ ते ६ आठवडे द्यावीत, बुरशीविरोधी औषधाचा विचार करावा आणि ग्राफ्ट तसाच राहणार असेल तर पुढे तोंडाने औषध दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, चालू ठेवावे. तोंडाने काहीही देऊ नये. आहार लहान आतड्यात बसवलेल्या नळीने द्यावा. अन्ननलिकेच्या छिद्रावर आतून स्टेंट घालायचा असेल तर तो महाधमनी झाकल्यानंतरच घालावा, आधी कधीही नाही. प्रकृती आणि आजाराची अवस्था साथ देत असेल, तर संसर्ग बळावण्याआधी अन्ननलिका काढणे किंवा तिला वळण देणे, पू काढणे आणि पोटातील चरबीच्या पदराने ग्राफ्ट गुंडाळणे, ही शस्त्रक्रिया करावी. ती पुढे ढकलली की बहुधा ती होतच नाही.

काही केंद्रांत महाधमनीला चिकटलेली गाठ काढण्याआधीच ग्राफ्ट बसवतात, म्हणजे भिंतीचा बाधित थर सोलताना धमनी फुटण्याची भीती राहत नाही आणि कृत्रिम रक्ताभिसरणही लागत नाही. निवडक रुग्णांत हा मार्ग उपयोगी आहे. किरणोपचारापूर्वी प्रत्येकाला ग्राफ्ट बसवावा असा त्याचा अर्थ नाही.

घरी पाठवताना सीटीची प्रत, बसवलेल्या ग्राफ्टचे कार्ड आणि चालू प्रतिजैविकांची यादी एका पाकिटात द्यावी. पहिल्या महिन्यात, तीन महिन्यांनी आणि त्यानंतर ठरावीक अंतराने पुन्हा सीटी करावे. मध्येच ताप आला, पाठ दुखू लागली किंवा सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारे प्रथिन) चढला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. पाकिटावर मोठ्या अक्षरांत एक ओळ असावी: रुग्णाला चमचाभरही लाल रक्ताची उलटी झाली, तर एंडोस्कोपीची वेळ न घेता त्याला रक्तवाहिन्यांचे पथक असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे.